गवतावरची बॅटरी

हलवाई सहसा पेढे खात नाही, आणि भुतं बनवणारा भुतांवर विश्वास ठेवत नाही. मी दुसऱ्या जातीतला. तुमच्या मासिकात लोक अंगावर काटा आणणारे अनुभव लिहितात, ते मी आमच्या दुकानात मोठ्यानं वाचून दाखवतो, आवाज बदलून, आणि शेवटी "मांजर असेल" असं म्हणून पान उलटतो. तेव्हा आज माझ्यावरच लिहायची पाळी आली, याची सर्वांत जास्त गंमत महाडच्या लोकांना वाटणार आहे. वाटू दे.

आधी माझी लायकी सांगतो, म्हणजे नंतर कुणी फसवलं म्हणायला नको. महाडला माझं मोटारदुरुस्तीचं दुकान आहे. गिरगावातल्या एका गॅरेजात आठ वर्षं काढून मोटारीच्या विजेचं काम शिकलो. गावात घरोघरी अजून रॉकेलच, त्यामुळे तारा, बटणं, बल्ब यातलं कळणारा माणूस मी एकटा. दुसरं म्हणजे, मिसरूड फुटायच्या आधीपासून मी आमच्या हौशी नाटकमंडळीत बायकांची कामं करत आलो. अजूनही आवाज काढला तर पडद्याआडून बाई बोलतेय असंच वाटतं. या दोन विद्या एका माणसाकडे असल्या की काय होतं ते सांगायला नको. एका शिमग्याला दासगावच्या खाडीकाठी मी झाडावर भोपळा टांगला, भोपळ्यात मोटारीचा बल्ब, आणि फांदीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गोड आवाजात विचारत होतो, "घरी कोण कोण असतं आपल्या?" एक प्रतिष्ठित गृहस्थ तिथं एक वहाण सोडून पळाले. ती वहाण अजून माझ्या दुकानात खिळ्याला आहे. मालक आजतागायत न्यायला आलेले नाहीत.

तर असा मी. आता डॉक्टर गद्रे.

डॉक्टर मूळ पुण्याचे, पण महाडात बिऱ्हाड करून राहिलेले. सरळ, अबोल, साठीकडे झुकलेले. त्यांनी मुंबईहून एक ट्रेलर बांधून आणला होता. दोन चाकांवरची सागवानी खोली, वर पत्रा, बाजूला खिडक्या, आणि मोटारीच्या मागे आकड्याला जोडून ओढायची. आत औषधांचं कपाट, डॉक्टरांची खुर्ची, मध्ये तांबड्या खारव्याचा जाड पडदा आणि पडद्यापलीकडे एक लांब बाक. रात्री त्याच बाकावर अंथरूण. पाऊस सरला की डॉक्टर आणि त्यांची बायको महाड-पोलादपूरच्या रस्त्यावर ती खोली घेऊन फिरत, आठ दिवस इथं, आठ दिवस तिथं. लोक म्हणायचे, गद्र्यांनी संसाराला चाकं लावली.

डॉक्टरांच्या बायकोला सगळे नुसतं 'बाई' म्हणत. त्या सुईणपणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. डोंगरातल्या वाड्यांमधल्या बाया ट्रेलरपाशी यायच्या त्या बाईंसाठी, डॉक्टरांसाठी नव्हे. बाई खिडक्या बंद करून, पडदा ओढून बायकांना तपासायच्या, आणि डॉक्टर पडद्याच्या अलीकडे उभे राहून काय करायचं ते सांगायचे. कित्येकींनी डॉक्टरांचं तोंडही पाहिलं नव्हतं, पण खोकला ओळखायच्या. खिडक्या बंद म्हणजे भरदुपारीही आत अंधार, म्हणून बाकाच्या उशाशी भिंतीवर एक दिवा होता. त्याचं पितळी बटण तिथंच, बाकावर बसलेल्या माणसाच्याच हाताला येईल असं. दार उघडं असलं तरी पडद्यातून तांबूस उजेड दिसायचा. तो दिसला की समजायचं, बाई आत आहेत आणि त्यांच्याजवळ कुणी बाईमाणूस आहे. मग पुरुषांनी झाडापलीकडे जाऊन पाठ फिरवून बसायचं. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण बैलगाडीवालेसुद्धा पाळायचे.

सहा-सात वर्षांपूर्वी भाद्रपदात बाई विषमज्वरानं गेल्या. महाडला, घरीच. सोळा दिवस ताप उतरला नाही. ट्रेलर तेव्हा पावसाळाभर बंद खोपीत उभा होता, तसाच राहिला. लोकांना वाटलं, आता तो विकणार.

मार्गशीर्षात डॉक्टर माझ्या दुकानात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"दामोदर, ट्रेलर पोलादपूरच्या अलीकडे नेला आहे. नेहमीच्या आंब्याखाली. चार दिवस झाले."

"एकटे?"

"हो. तो पलीकडचा दिवा आपोआप लागतो."

"कोणता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "तिचा. काल दुपारी लागला. परवाही. बटणाला कुणी हात लावलेला नाही. बॅटरी संपेपर्यंत जळत राहतो."

"मग दिवा काढून ठेवायचा."

"मी पडद्यापलीकडे जात नाही," ते म्हणाले. अगदी साध्या सुरात, जसं कुणी सांगावं की मी कांदा खात नाही. "बिघाड असेल तर काढ. आणि माझ्या खुर्चीजवळ एक बटण बसवून दे, म्हणजे मला इथूनच तो बंद करता येईल."

"आणि बिघाड नसेल तर?"

"नसेल तर मला तसं सांग. खरं सांग. नाटक नको."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की माणूस दिवा दुरुस्त करून घ्यायला आलेला नाही. तो एक प्रश्न घेऊन आलाय आणि उत्तर द्यायला गावात माझ्याशिवाय कुणी नाही. भुतं बनवणारा मी. देवाची थट्टा बघा.

मुंबईच्या इमारतींत जिन्याचा दिवा असतो ना, खालच्या बटणानं लावा नि वरच्या बटणानं घालवा, तशी दोन बटणं लागणार होती. ती मी मुंबईहून मागवली, लाँचनं दासगावला उतरली, आणि आठव्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन सर्व्हिस मोटारीनं मी पोलादपूरला गेलो. आभाळ आलेलं होतं. त्या दिवसांत येतं कधी कधी, पाऊस नाही, ऊनही नाही, नुसतं डोंगरावर झाकण ठेवल्यासारखं. सावित्रीवरचं धुकं दहा वाजले तरी उठलं नव्हतं.

आंब्याखाली ट्रेलर. बाहेर खुर्ची टाकून डॉक्टर बसलेले. पुरुष रोगी तीन-चार. बाईमाणूस एकही नाही.

"बायका येत नाहीत?" मी विचारलं.

"कशाला येतील?" ते म्हणाले.

मी कामाला लागलो. पहिला धडा, चालू विजेवर हात घालायचा नाही. ट्रेलरच्या खालच्या पेटीतून बॅटरी काढली, दोन्ही तारा सोडवल्या, आणि बॅटरी उचलून सहा पावलांवर गवतात नेऊन ठेवली. हे नीट ध्यानात ठेवा. नंतर पडद्यापलीकडे गेलो. बाकावर बाईंची उशी होती, घडी केलेलं लुगडं होतं, आणि भिंतीला ते पितळी बटण. वापरून वापरून सोन्यासारखं पिवळं झालेलं. बटणाच्या मागचे दोन्ही स्क्रू काढले, सदऱ्याच्या खिशात टाकले. मग छताच्या पट्टीखालून जाणारी तार ओढून काढली.

आणि भूत सापडलं. बटणाकडे जाणाऱ्या दोन तारा शेजारी शेजारी होत्या, वरचं रबर आणि कापड दोन ठिकाणी कुरतडलेलं, आतलं तांबं उघडं. ट्रेलर हलला किंवा दमटपणा आला की उघडं तांबं उघड्या तांब्याला चिकटायचं. बटण दाबा न दाबा, दिवा लागणारच. चार महिने खोपीत उभा होता, उंदरांनी घर केलं असणार.

आता इथं मी जो वागलो त्याची लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितो. दारातून मी तार दोन बोटांत धरून, नाटकात पत्र आणतात तशी, डॉक्टरांपुढे नेली. "डॉक्टर, आपलं भूत. चार पाय, दोन मिशा, एक शेपूट."

त्यांनी तार घेतली. कुरतडलेल्या जागेवर नख फिरवलं, एकदा, दोनदा.

"उंदीर," ते म्हणाले.

"उंदीर."

"बरं झालं." त्यांनी तार गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली. फेकली नाही, मला परत दिली नाही. आणि मी एवढा नाटकवेडा, चेहरे ओळखण्यात मुरलेला, तरी तो चेहरा मला तेव्हा कळला नाही. मला वाटलं, सुटला बिचारा.

मी त्यांच्या खुर्चीमागच्या फळीला भोक पाडलं, नवं बटण बसवलं, आणि बाहेर येऊन नवी तार मापत होतो, तेव्हा चढावरून दोन गडी आले. खांद्यावर बांबू, बांबूला घोंगडीची झोळी, झोळीत बाई. मागून एक म्हातारी, हातात चप्पल धरून जवळजवळ धावत. भागाबाई तिचं नाव, डोंगरातल्या एका वाडीची. झोळीत तिची सून, चंद्रा.

गड्यांनी झोळी आंब्याखाली टेकवली आणि नियमाप्रमाणे पाठ फिरवून उभे राहिले.

"बाईंना सांगा हो, सून आणलीय," म्हातारी मलाच म्हणाली. "दोन दीस कळा देतीया. सुटत नाय."

त्यांना ठाऊकच नव्हतं. पावसात वाट तुटते, बातमी वर पोचलीच नव्हती. डॉक्टर उठले. "आजी, बाई वारल्या. भाद्रपदात."

म्हातारी मटकन खाली बसली. मग झोळीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस गो, चंद्रा. आपलं नशीब."

"मी बघतो तिला," डॉक्टर म्हणाले. "आत घेऊ या."

"तुमी? नाय."

"आजी, मी डॉक्टर आहे."

"तुमी देव असा. बापयाच्या हाती देऊ व्हय तिला? ल्योक मुंबैला मिलात हाय माजा. त्याला काय सांगू?"

"परत नेलीत तर ती वाटेत संपेल."

"संपली तर आपल्या मानसांत संपंल."

झोळीतून आवाज आला, कोरडा, पानावरून किडा चालावा तसा. "आत्याबाई, घरी चला."

डॉक्टर हात जोडायचे तेवढे बाकी राहिले होते. त्यांनी सगळं सांगून पाहिलं. म्हातारीनं गड्यांना हाक मारली, "उचला रे."

मी डॉक्टरांच्या जवळ गेलो, हळूच म्हणालो, "मी आत जातो. तार नि बॅटरी जोडायला किती वेळ... दिवा लावतो, पडद्याआडून बाईंच्या आवाजात चार शब्द बोलतो. म्हातारी आत आणेल. एकदा आत आली की तुम्ही बघून घ्या."

त्यांनी माझं मनगट धरलं. आजवर इतकं घट्ट कुणी धरलेलं नाही. "तिच्या नावानं खोटं नको. एक जीव जातोय, तरी नको."

आणि माझं मनगट त्यांच्या हातात असतानाच भागाबाई म्हणाली, "खोटं कशाला बोलता हो डाक्तर. बाई आत हायेत की."

दाराच्या आत पडदा तांबूस झाला होता.

दिवा लागला होता. वाचकहो, माझ्या एका हातात पक्कड होती. नवी तार जमिनीवर वेटोळं करून पडलेली, एक टोकही कुठं जोडलेलं नव्हतं. जुनी तार डॉक्टरांच्या खिशात. बटणाचे स्क्रू माझ्या खिशात. मी मान वळवून गवतात पाहिलं. बॅटरी होती तिथंच होती, आणि तिच्या शिशाच्या खुंटावर एक नाकतोडा बसला होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तो राग मी जन्मभर विसरणार नाही. पण बोलायला वेळ नव्हता. भागाबाईनं सुनेला काखेत धरून आत नेलं, पडद्यापलीकडे, आणि डॉक्टर आपल्या जुन्या जागी, पडद्याच्या अलीकडे, जाऊन उभे राहिले.

मी दाराबाहेर पायरीजवळ उभा. सगळं ऐकू येत होतं. डॉक्टर सांगत होते, हात घट्ट धर, आता ढकलू नको, आता ढकल. आणि चंद्रा मध्येच, कळ आली की, काहीतरी म्हणत होती. आधी मला वाटलं देवाचं नाव घेते. कान दिला तर ते देवाचं नव्हतं. "साकव." मग बऱ्याच वेळानं, कण्हत, "भेंडीचं झाड." मग "देवीची पायरी." मग "कातळ." कुठल्या तरी वाटेवरची ठिकाणं, एकापुढे एक.

एकदा भागाबाई गरम पाणी न्यायला बाहेर आली.

"आत तिच्याजवळ कोण आहे?" मी विचारलं.

"बाई हायेत की," ती म्हणाली. येड्याला सांगावं तसं. आणि पाणी घेऊन आत गेली.

तास-दीड तास गेला. मूल पोटातच आदल्या दिवशी गेलं होतं. चंद्रा वाचली. भागाबाईनं एक लहानसं गाठोडं बाहेर आणलं, गड्यांनी न बघता ते घेतलं आणि ते नदीच्या बाजूला गेले. कुणी रडलं नाही. आभाळ तसंच झाकण घालून होतं.

डॉक्टर हात पुसत माझ्यापाशी आले. "दामोदर, मी नको म्हटलं होतं."

मी पक्कड केली पुढे आणि गवताकडे दाखवलं. ते चालत गेले. वाकून बॅटरी पाहिली, तिला हात लावला, दोन्ही मोकळे खुंट चाचपले. तिथून ट्रेलरकडे पाहिलं. पडद्यात उजेड होताच.

"ती मघाशी काय म्हणत होती?" मी विचारलं. "साकव, भेंडी..."

डॉक्टर पडद्याकडेच बघत होते. "माहेरची वाट. आमची ही प्रत्येकीला म्हणायला लावायची. एका कळेला एक ठिकाण. म्हणायची, दुखण्याला चालायला वाट लागते." मग भागाबाईकडे वळून, "आजी, सुनेला हे कुणी शिकवलं? ती आधी कधी आली होती इथं?"

"पयलीच खेप. कधी येनार?" म्हातारी म्हणाली. "बाईच उशाशी बसून सांगत व्हत्या. पोर पोचलं नाय. पर ही पोचली."

तिसऱ्या प्रहरी चंद्राला त्यांनी झोळीतून पोलादपुरात एका नातेवाइकाकडे नेलं. दिवा अजून लागलेलाच होता. डॉक्टर पायरीवर चढले. खुर्चीपाशी थांबले. मग पडदा बाजूला करून पलीकडे गेले, भाद्रपदानंतर पहिल्यांदाच. बाक करकरल्याचं मी ऐकलं. नंतर बराच वेळ काही नाही. मी माझ्या खिशातले दोन स्क्रू बोटांनी चाचपत उभा.

टक.

पडदा पुन्हा नुसता खारव्याचा झाला.

बाहेर आले तेव्हा त्यांनी खुर्चीमागच्या माझ्या नव्या कोऱ्या बटणाकडे बोट केलं. "हे काढून टाक. मला इथून तो बंद करायचा नाही." मग कोटाच्या खिशातून ती कुरतडलेली तार काढली. "आणि ही परत घाल."

"डॉक्टर, ही घातली तर दिवा पुन्हा वाटेल तेव्हा लागेल. बॅटरी खाईल."

"खाऊ दे."

"लागला तर तुम्हाला कळणार कसं, की..." मी वाक्य पुरं केलं नाही.

"लागला तर मी म्हणेन, उंदीर," डॉक्टर म्हणाले. "तेवढी सोय मला ठेव."

आयुष्यभर मी बिघाड काढत आलो. त्या संध्याकाळी एकदाच बिघाड बसवून दिला, हातानं, काळजीपूर्वक, उघडं तांबं उघड्या तांब्याजवळ. आग लागू नये म्हणून बॅटरीपाशी एक फ्यूज घातला, आणि खुर्चीमागच्या भोकात सागाची खुंटी ठोकली. नवी बटणं अजून माझ्याकडे आहेत, त्या वहाणेशेजारी.

महाडात ही गोष्ट पसरली तेव्हा सगळे एकच म्हणाले, "दामूचं काम." मी शपथा घेतल्या. लोक हसले आणि म्हणाले, शपथ घेताना तर अगदी बाईसारखाच बोलतोस. यात चूक त्यांची नाही. त्यानंतर मी झाडाला भोपळा टांगला नाही.

डॉक्टर पुढं चार वर्षं ट्रेलर घेऊन फिरले. बायका पुन्हा येऊ लागल्या, थोड्या थोड्या, पडद्यापलीकडे जाऊन बसू लागल्या. दिवा कधी लागायचा का, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गेल्या चैत्रात तेही गेले. ट्रेलर माझ्या खोपीत आहे. हे लिहायच्या आधी तार पुन्हा तपासली. फ्यूज शाबूत, कुरतडलेलं तसंच.

इतर कुठल्याही दिवशी तो दिवा लागला असेल, तर त्याचं कारण माझ्यापाशी आहे, दोन मिशा आणि एक शेपूट. त्या एका दुपारी बॅटरी गवतात होती.